टाकी पुलाखालून जाईल का, हे कारखान्यातच ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा आठवड्यांनी जहाजातून स्टीलच्या चार उभ्या साठवण टाक्या आणि फायबरग्लासचे दोन सायलो (सुटा कोरडा माल साठवायची उंच पिंपं) बंदरात उतरणार आहेत. टाकीचा व्यास ४.६ मीटर, लांबी १९ मीटर, पत्रा ८ मिलिमीटर, वजन २८ टन. सायलोचा व्यास ४.२ मीटर, लांबी १२ मीटर, वजन जेमतेम ५ टन. साइट १४० किलोमीटरवर. वाहतूक एजंट म्हणतो, "२८ टन म्हणजे काहीच नाही. साधा ट्रेलर लावू, परवाना काढू, दोन रात्रींत पोचवू." त्याच्यावर विसंबावं का, आणि नसेल तर त्याला काय काय विचारावं?

विसंबू नका. तो खोटं बोलत नाही, पण तो वजनाकडे बघून बोलतोय, आणि तुमच्या मालात वजन हा सगळ्यात सोपा भाग आहे. रिकामी टाकी म्हणजे पातळ पत्र्यात गुंडाळलेली हवा. ती पुलावरून सहज जाते, पुलाखालून जात नाही. लॉस एंजेलिसला २०१६ च्या मे महिन्यात स्पेस शटलची इंधनाची बाह्य टाकी, ईटी-९४, रस्त्याने संग्रहालयात नेली. बार्जवरून ती मरीना डेल रे बंदरात उतरली होती. तिचं वजन सुमारे ३० टन, म्हणजे तुमच्या एका टाकीएवढंच. पण लांबी ४७ मीटर आणि व्यास ८.४ मीटर. सुमारे २६ किलोमीटरच्या त्या प्रवासाला जवळपास पूर्ण दिवस लागला. तीस टनांची गाडी कुठलाही महामार्ग रोज पाहतो. वेळ गेला तो आकारामुळे.

म्हणून पहिलं काम उंचीचा हिशेब. तो कागदावर मांडा आणि एजंटासमोर ठेवा. टाकीचा व्यास ४.६०. तिच्याखाली सॅडलचा, म्हणजे टाकी ज्यात बसते त्या खोलगट आधाराचा तळ, कारखान्याने नेहमीच्या पद्धतीने बनवला तर ०.२५. सेमी लो-बेड (थोड्या खालच्या तळाचा ट्रेलर) याची पाटी, म्हणजे माल ठेवायचा तळ, जमिनीपासून साधारण ०.९५. झाले ५.८०. वर एखादं नोझल (पाइप जोडायचं तोंड) किंवा लिफ्टिंग लग (उचलायची कडी) २० सेंटिमीटर डोकं काढून असेल तर ६ मीटर. आता तीच टाकी ०.५० उंचीच्या खऱ्या लो-बेडवर ठेवा, सॅडलचा तळ ०.०८ वर आणा आणि माथ्यावर काहीच राहणार नाही अशी ती फिरवून झोपवा. बेरीज येते ५.१८. टाकी तीच, पण ८२ सेंटिमीटर वाचले. या ८२ सेंटिमीटरमध्ये कितीतरी पूल, कमानी आणि विजेच्या तारा येतात. यातले ३७ सेंटिमीटर असे आहेत की गाडी बंदरात उभी राहिल्यावर वाहतूकदार ते मिळवूच शकत नाही. सॅडल आणि लग यांच्या जागा कारखान्यात वेल्ड होतात. टाकी कुठल्या अंगावर झोपवायची हे सॅडल बसवतानाच ठरतं. दहा आठवडे हातात आहेत, तेव्हा हा निर्णय अजून तुमच्या हातात आहे.

फिरवण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इतकी स्वस्त युक्ती या धंद्यात दुसरी नाही. गोल टाकीभोवती चौकोन काढा. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत रिकामी जागा राहते. ४.६ मीटर व्यासाला कोपऱ्याच्या टोकापर्यंत ती जागा ९५ सेंटिमीटर भरते. फ्लँजची (नोझलच्या तोंडावरच्या रुंद कड्याची) रुंदी धरूनही अर्धा मीटर बाहेर आलेलं नोझल तिथे आरामात लपतं आणि उंची वा रुंदी एका सेंटिमीटरनेही वाढत नाही. तेच नोझल बरोबर माथ्यावर आलं तर सगळं उंचीत मोजायचं आणि कुशीला आलं तर रुंदीत. नोझलची कोनांनुसार मांडणी दाखवणारं ड्रॉइंग मागवा, टाकी पाच-दहा अंशांनी फिरवत बसा, आणि सगळ्यात मोठी नोझलं कोपऱ्यांत जातील अशी स्थिती शोधा. एखादं तरीही आडवं येत असेल तर ते साइटवर बसवायचं ठरवा. मग सॅडल त्या स्थितीप्रमाणे बनवायला सांगा.

ड्रॉइंगवर नसलेल्या गोष्टीही विचारा. माझ्या एका कामात मॅनहोलचं झाकण पेलणारा लोखंडी हात ड्रॉइंगमध्ये दाखवलेलाच नव्हता. बंदरात आम्ही उंची मोजली ती माथ्याच्या रेषेवर. हा हात थोडा पुढे, पॅकिंगच्या कापडाखाली होता. पहाटे दोन वाजता एका पुलाच्या तुळईपासून हातभर अंतरावर पुढच्या पायलट गाडीतला माणूस ओरडला म्हणून गाडी थांबली. हात बोल्टचा होता, पाना लावून काढता आला. वेल्डचा असता तर सहा किलोमीटर उलट न्यावं लागलं असतं. तेव्हापासून मी बंदरात कापड काढायला लावतो आणि टाकी लादून, बांधून झाल्यावर टोकापासून टोकापर्यंत दोरी धरून सगळ्यात उंच बिंदू शोधतो. परवान्यावर तोच आकडा जातो.

आता पत्र्याकडे या. ४.६ मीटर व्यासाला ८ मिलिमीटर पत्रा, म्हणजे व्यास जाडीच्या ५७५ पट. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचं हेच गुणोत्तर साधारण ६५० च्या आसपास येतं. रिकामा डबा बोटाने दाबून बघा, म्हणजे चेन चुकीच्या जागी आवळली की टाकीचं काय होतं ते कळेल. उभी राहण्यासाठी बनवलेली टाकी आडवी केली की स्वतःच्या वजनानेही थोडी चपटी होते: उंची घटते, रुंदी वाढते. म्हणून आत तात्पुरते आडवे-उभे आधार द्यावे लागतात, निदान सॅडलच्या रेषेत तरी. आडव्या टाकीत सॅडलपाशी काय ताण येतात याची मांडणी एल. पी. झिक यांनी १९५१ मध्ये केली आणि डिझायनर आजही तिथूनच सुरुवात करतात. व्यवहारात लक्षात ठेवायचं एवढंच: सॅडल टाकीच्या निदान १२० अंशांना कवेत घेणारा हवा, आणि तो डिश एंडजवळ (टाकीच्या फुगीर टोकाजवळ) किंवा ताठरपणा देणाऱ्या रिंगखाली हवा, मोकळ्या पत्र्याखाली नको. ट्रेलरच्या सोयीसाठी सॅडल मीटरभर आत सरकवू, असं कोणी साइटवर म्हणालं तर साफ नाही म्हणा. सॅडल आणि पत्रा यांच्यामध्ये रबर हवंच.

शिवाय दोनपैकी एकच सॅडल पक्का धरावा. दुसऱ्याला किंचित सरकायला, कलायला जागा द्यावी. रस्ता वेडावाकडा असतो, ट्रेलर पिळवटतो, आणि दोन्ही टोकं जखडलेली असली की तो पीळ पत्र्यात शिरतो.

बांधणीचा हिशेब एजंटाकडून लेखी घ्या. युरोपातल्या ईएन १२१९५-१ या मानकाप्रमाणे बांधणीने पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट, आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर पेलायला हवा. तुमच्या टाकीला ब्रेकच्या वेळी हा जोर २२.४ टन होतो. चांगल्या रबरी मॅटवर घर्षण ०.६ धरता येतं, म्हणजे १६.८ टन मॅटच सांभाळते आणि बाकीचे ५.६ टन चेनने घ्यायचे. मॅट नसेल आणि ओल्या लोखंडावर लोखंड टेकलं असेल तर घर्षण जवळजवळ धरायचंच नाही. सगळा भार चेनवर. चेन सॅडलला किंवा त्यासाठी दिलेल्या लगला बांधायची. पत्र्यावरून जायचा तो रुंद बेल्ट, तोही सॅडलच्या बरोबर वरून. टाकी स्टेनलेसची असती तर साध्या लोखंडी चेनचा स्पर्शही होऊ देऊ नका असं सांगितलं असतं, कारण लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच पुढे गंज धरतो. निघाल्यावर दहा किलोमीटरच्या आत गाडी थांबवून सगळे टर्नबकल (चेन आवळायचे स्क्रू) पुन्हा तपासायचे. मॅट बसते, लाकूड दबतं, चेन सैल होते.

सायलोंना हलके समजून शेवटच्या फेरीत उरकायचा विचार असेल तर तो बदला. मला टाक्यांपेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटते. १२ मीटर लांब आणि ४.२ मीटर व्यासाचा सायलो वाऱ्याला सुमारे ५० चौरस मीटरचं शीड देतो. सेकंदाला २० मीटरचा, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरचा वारा आडवा लागला तर जवळपास ९०० किलोचा रेटा बसतो, आणि बसतो तो पाटीपासून सव्वादोन मीटर उंचीवर. सॅडलचा पाया २.४ मीटर रुंद धरला, तर ५ टनांच्या सायलोला उभं धरणाऱ्या ताकदीचा तिसरा हिस्सा या वाऱ्यातच जातो. वर रस्त्याचा उतार आणि वळण आहेच. तुमच्या स्टीलच्या टाकीला तोच वारा फारसा जाणवणार नाही. मोकळ्या मैदानातल्या उंच पुलांवर, खाडीकाठी आणि क्रेनच्या हुकावर असताना सायलोसाठी वाऱ्याची मर्यादा आधीच ठरवून घ्या, आणि ती ओलांडली तर थांबायचा अधिकार कोणाचा हेही लिहून ठेवा. खालच्या निमुळत्या भागामुळे सायलोचा गुरुत्वमध्य मध्यावर नसतो. दोन्ही स्लिंग (उचलायचे पट्टे) सारख्या अंतरावर लावून उचलला की तो एका बाजूने झुकतो. गुरुत्वमध्याची खूण कारखान्यातच रंगाने काढून घ्या.

रस्त्याचा सर्व्हे म्हणजे गाडीतून चक्कर मारून काढलेले फोटो नव्हेत. प्रत्येक आडवी गोष्ट खाली उतरून मोजायची, आणि मोजायची ती ट्रेलर जाणार त्याच रेषेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २३ मे २०१३ ला स्कॅजिट नदीवरच्या महामार्गाच्या पुलाचा एक गाळा नदीत कोसळला, कारण मापाबाहेरचा माल नेणारा ट्रक वरच्या लोखंडी चौकटीला धडकला होता. परवाना होता, पुढे उंची मोजणारी काठी लावलेली पायलट गाडीही होती. चौकट कमानदार होती: कडेच्या लेनवर कमी उंची, मधल्या बाजूला पुरेशी. ट्रक कडेच्या लेनमध्ये होता. दोन मोटारी पाण्यात पडल्या, माणसं सुदैवाने वाचली. तेव्हा पुलाची उंची एका आकड्यात सांगणाऱ्या सर्व्हेवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक लेनचा आकडा मागा आणि कुठल्या लेनमधून जायचं ते चालकाच्या हातातल्या कागदावर लिहा.

पुलाच्या उंचीच्या पाटीवरचा आकडा आणि खरी उंची यांत फरक पडतो त्याची कारणं साधीच असतात. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो आणि पाटी जुनीच राहते. ब्रिटनमध्ये साधारणपणे ५.०३ मीटरपेक्षा कमी उंचीच्या पुलांनाच उंचीची पाटी लागते. तुमच्या टाकीसारख्या त्याहून उंच मालाला, पाटी नसलेला प्रत्येक पूल स्वतः मोजावा लागतो. शिवाय पूल खोलगट रस्त्यावर असेल तर गाडीची पुढची आणि मागची चाकं खोलगटाच्या दोन्ही चढांवर असतात आणि मधला माल रस्त्यापासून जास्त उंच राहतो. चाकांमधलं अंतर १८ मीटर आणि खोलगटाची त्रिज्या ५०० मीटर असली तर ८ सेंटिमीटर असेच जातात. वळणावर रस्त्याला ६ टक्के बाजूचा उतार असेल तर ५.२ मीटर उंचीवरचा माथा ३१ सेंटिमीटर आतल्या बाजूला कलतो, म्हणजे थेट विजेच्या खांबाकडे. हायड्रॉलिक ॲक्सलचा मॉड्युलर ट्रेलर इथे कामाला येतो: ट्रेलरची पाटी साधारण ३० सेंटिमीटर वर-खाली होते आणि बाजूचा उतार बराचसा सावरता येतो. पण त्याची पाटी मुळातच मीटरभर उंच असते. म्हणून तुमच्या टाक्यांना, पूल हीच मोठी अडचण असेल तर मी लांब होणारा, मागची चाकं वळणारा लो-बेड निवडेन, आणि वळणं व चढउतार जास्त त्रासाचे असतील तर हायड्रॉलिक ॲक्सल. हा निर्णय सर्व्हेनंतर घ्यायचा असतो. एजंटाने तो आधीच घेऊन टाकलाय.

लो-बेडची उलट बाजू म्हणजे रस्त्यावरचा उंचवटा. पाटीखाली १५ सेंटिमीटर मोकळे असतील आणि रेल्वे फाटकाचा उंचवटा तीव्र असेल तर ट्रेलर रुळांवर पोटावर बसतो. इंग्लंडमध्ये हिक्सनला ६ जानेवारी १९६८ रोजी १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर नेणारी लांबलचक गाडी स्वयंचलित फाटक ओलांडत होती. फाटकावर इशारा आणि रेल्वे यांच्यात २४ सेकंद मिळत. गाडी इतकी संथ होती की तिला सुमारे मिनिटभर हवं होतं. मोठ्या गाड्यांनी आधी फोन करावा, अशी सोय फाटकावर होती. पोलिसांची गाडी पुढे होती. फोन कोणी केला नाही, एक्सप्रेस येऊन आदळली आणि ११ माणसं गेली. ही घटना मी प्रत्येक नव्या पायलटला सांगतो. तुमच्या मार्गावर फाटक असेल तर आधी रेल्वेशी लेखी बोलणं, त्या दिवशी प्रत्यक्ष परवानगी, आणि परवानगी हातात आल्याशिवाय पुढचं चाक रुळाला लागू न देणं, एवढं ठरवून घ्या. शक्य असेल तर फाटक टाळणारा लांबचा रस्ता घ्या.

लांबचा रस्ता म्हटलं की लोकांना पैसे दिसतात. जर्मनीत न्यूट्रिनोचं वस्तुमान मोजण्याच्या काट्रिन प्रयोगासाठी २०० टनांची, १० मीटर व्यासाची स्टीलची टाकी डेगेनडॉर्फला बनली. कार्ल्सरूह तिथून साधारण ४०० किलोमीटर. रस्त्याने नेणं अशक्य होतं, म्हणून ती डॅन्यूब, काळा समुद्र, भूमध्य समुद्र, अटलांटिक आणि ऱ्हाइन असा जवळपास ९,००० किलोमीटरचा वळसा घेऊन आली आणि फक्त शेवटचे काही किलोमीटर, नोव्हेंबर २००६ मध्ये, रस्त्याने गेली. तुम्हीही एकदा नकाशा काढून बघा: साइटच्या जवळ दुसरं छोटं बंदर, बार्ज लागेल असा धक्का आहे का? १४० किलोमीटरचे ३० झाले तर जादा जलवाहतूक कदाचित वसूल होईल.

तारांबद्दल एकच सांगतो, पण ते मनापासून. टाकीवर माणूस बसवून काठीने तारा उचलायची पद्धत अनेक ठिकाणी चालते. तुमच्या करारात ती स्पष्ट शब्दांत बंद करा. टेलिफोनच्या तारा उचलायच्या तर बकेट असलेल्या गाडीतून. विजेची लाईन वीज कंपनीच बंद करेल, तीच उचलेल, आणि बंद केल्याचा कागद देईल. त्यासाठी चार तास थांबावं लागलं तर थांबायचं. रात्रीच्या अंधारात बारीक तार दिसत नाही, म्हणून तारांचा पट्टा मी उजेडात पार करतो आणि शहराचा भाग पहाटे.

बंदरात शक्य असेल तर टाकी जहाजाच्या हुकावरून थेट ट्रेलरवर घ्या. धक्क्यावर ठेवली की दुसरी क्रेन, दुसरी उचल आणि पोचा पडायची दुसरी संधी. उचलताना स्प्रेडर बीम, म्हणजे स्लिंग एकमेकांपासून दूर धरणारी आडवी तुळई, हवा. तिरक्या स्लिंगने पत्रा आत दाबला जातो. जहाजाच्या पोटातच प्रत्येक टाकीचे फोटो काढा आणि पोचा दिसला तर सही करण्याआधी कागदावर नोंदवा, कारण नंतर तो कोणाचा हे सिद्ध होत नाही. बंदराच्या फाटकावरचं छप्पर, वजनकाट्याची शेड आणि स्कॅनरची कमान या तिन्ही गोष्टी कंटेनरच्या मापाने बांधलेल्या असतात. बाहेर पडायचा मोठा रस्ता कुठला, तो कोण उघडतो आणि कस्टम्सची तपासणी कुठे होणार, हे जहाज येण्याआधी ठरलेलं असू द्या. आत नायट्रोजन भरून टाक्या पाठवल्या असतील तर प्रत्येक झाकणावर तसं ठळक लिहिलेलं हवं. त्या वायूला वास नसतो आणि आत डोकावणारा माणूस काही श्वासांत कोसळतो.

आणि शेवटी साइट. तिथे टाकी उभी करणारी क्रेन कुठे उभी राहणार आणि टाकीचा माथा कुठल्या दिशेला हवा, हे तिथल्या उभारणीच्या इंजिनिअरला आजच विचारा. १९ मीटरची टाकी साइटच्या अरुंद रस्त्यात उलटी फिरवता येत नाही. माथा पुढे की तळ पुढे, हे ट्रेलरवर लादतानाच ठरतं, आणि बंदरात धक्क्यावर फिरवायला जागा नसेल तर त्याही आधी, जहाजात ती कशी झोपवली यावर. म्हणून साइटचं उत्तर आलं की ते कारखान्याला आणि जहाज भरणाऱ्याला, बाणाची खूण केलेल्या एकाच कागदावर पाठवा. तोच बाण टाकीच्या दोन्ही कुशींवर रंगवून घ्या.